रुईला स्थळ आलं

गिलक्याचा वेल भागाअक्काशी खोटा वागला, आणि ही गोष्ट भागाअक्कानं मनावर घेतली.

वेल तसा अंगानं भरलेला होता. फाटकावर चढला, कंपाउंडावरून सरपटला, शेजारच्या यशोदाबाईंच्या दोरीपर्यंत गेला आणि त्यांच्या साहेबांच्या पायजम्याला मिठी मारून बसला. रोज सकाळी पिवळीधमक फुलं. पण गिलकं धरेल तर शपथ! बोटाएवढं झालं की पिवळं पडायचं आणि टुपकन गळायचं. आता घरचं गिलकं, पुण्याकडे ज्याला घोसाळं म्हणतात ते, मिळालं नाही म्हणून जळगावात आजवर कुणी उपाशी मेलेलं नाही. बाजारात ढीग लागलेले असतात. पण अक्कानं श्रमसाफल्य सोसायटीत पाऊल ठेवलं त्या दिवशीच, पाण्याच्या टँकरपाशी, सगळ्या बायांसमोर शब्द देऊन टाकला होता, "बाजारचं गिलकं आणू नका वं बायांनो. पोळ्यापर्यंत अख्खी गल्ली माझ्या मांडवाचं खाईल."

पोळा आला आणि गेला. बैल नव्हतेच, पण गिलकंही नव्हतं. गल्लीतल्या बाया अक्काच्या दारावरून जाताना मुद्दाम पिशवी या हातातून त्या हातात घ्यायच्या, आणि पिशवीतून बाजारचं गिलकं मान काढून अक्काकडे बघायचं.

अक्काची शाळा दुसरीपर्यंत. तिसरीत बसवलं त्या दिवशी मास्तरानं छडी उगारली, अक्कानं ती हिसकावली आणि त्याच छडीनं घरापर्यंत म्हैस हाकत नेली, एवढं शिक्षण. पण त्यानंतर आयुष्यात तिला कुणी चूक काढून दाखवलेली नव्हती. दाखवायला गेले ते आता नाहीत, किंवा आहेत पण बोलत नाहीत. त्यामुळे वेलानं केलेला अपमान तिला सहन होईना.

सल्ले मात्र फुकट मिळत होते. यशोदाबाई म्हणाल्या, "अक्का, दृष्ट लागली. जुनी चप्पल बांधा वेलाला." अक्का म्हणाली, "तुमचीच द्या. दृष्ट जिची, चप्पल तिची." सोसायटीचे चेअरमन जीवराम नाना पाटबंधाऱ्यातून रिटायर झालेले. त्यांनी वेलाभोवती दोन फेऱ्या मारल्या, उतार पाहिला, आणि पाण्याचा निचरा चुकतोय असा निकाल दिला. चारी कशी खणायची ते काठीनं जमिनीवर आखूनही दिलं. ती चारी थेट नानांच्याच गुलाबांकडे जात होती, हे अक्काच्या नजरेतून सुटलं नाही. मुलगा पितांबर म्हणाला, "माय, जाऊ दे ना." पितांबरनं आजवर जो काही सल्ला दिला तो हाच.

शेवटी अक्कानं थापलेली भाकरी भाजता भाजता सून प्रमिला बोलली, "आत्याबाई, गिलक्याला भुंगा लागतो. या फुलाचं त्या फुलाला पोचवायला कोणीतरी नको का? आपल्याकडे माशीसुद्धा फिरकत नाही."

अक्काचा हात परातीतच थांबला. मग ती म्हणाली, "ते मला माहीतच होतं. तू कधी बोलतेस ते बघत होते."

तव्यावरची भाकरी उलटीसुलटी होईपर्यंत अक्काचा सगळा विचार झाला. भुंगा येणार कुठून? सोसायटीत जिकडे तिकडे शहाबादी फरशी. कुंड्यांमधे ती रंगीत पानांची झाडं, जी बघून माणसाला वाटतं खरी आहेत आणि भुंग्याला कळतं खोटी आहेत. नानांचे गुलाब कलमी. दिसायला थाळीएवढे आणि आत काही नाही, नव्या पुढाऱ्यासारखे. गावाकडे विहिरीच्या थारोळ्याजवळ मात्र रुईचं झाड होतं. कुणी लावलं नाही, पाणी घातलं नाही, शेळीनंसुद्धा हुंगून सोडून दिलं. पण बारा महिने जांभळ्या फुलांचे घोस, आणि त्यावर निळ्या पंखांचे काळेभोर भुंगे असे घूंऽऽ घूंऽऽ करत असायचे की लांबून वाटावं मोटार चालू आहे. ते फावल्या वेळात शेजारच्या मांडवावर जायचे, आणि गिलकी अशी लटकायची की खालून जाताना डोकं वाकवावं लागे.

"रुई आणायची," अक्का म्हणाली.

"रुई?" पितांबर म्हणाला. "माय, जाऊ दे ना."

अक्का गेली. मुलाचं एवढं तिनं ऐकलं.

अक्काचं गाव नरडाण्याच्या अलीकडे, शिंदखेड्याच्या अंगाला. तिथून रुईचा मुळासकटचा खुंट ओल्या गोणपाटात बांधून ती धुळ्याच्या स्टँडवर आली आणि जळगावच्या गाडीत बसली. खुंटाला मांडीवर घेतलं होतं, वरून पदर. कंडक्टर तरुण होता, शिस्तीचा. "आजी, बाळाला हाफ लागंल." अक्कानं पदर बाजूला केला. कंडक्टर मागे सरकला. मग झाडाला लगेज लागतं की नाही, यावर धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत गाडीत दोन तट पडले. एक पेन्शनर म्हणाले की झाड सजीव आहे, तिकीट काढायला हवं. एक केळीवाला म्हणाला, मग माझी केळी काय मेलेली आहेत काय? तेवढ्यात गाडीनं खड्डा घेतला, खुंटाची साल सोलवटली आणि रुईचा चीक पेन्शनरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाला. "डोळ्यात गेला असता तर आंधळा झालो असतो!" पेन्शनर किंचाळले. अक्का शांतपणे म्हणाली, "आंधळे असता तर शेजारची बाई पोटाशी काय धरून बसली हे तरी बघत बसला नसता." त्यानंतर एरंडोल येईपर्यंत लगेजचा विषय कुणी काढला नाही.

फाटकाच्या उजव्या हाताला खड्डा करून रुई लागली. माती दाबून अक्का उठते न उठते तोच यशोदाबाई कंपाउंडावरून डोकावल्या.

"अगं बाई! अक्का, रुई दारात? रुई कुठं लावतात माहीत आहे का? मसणाच्या वाटेला!"

"मग बरोबर जागी लागली," अक्का म्हणाली. "तुमची माझी प्लॉटं पडायच्या आधी इथं काय होतं ते विचारा तुमच्या साहेबांना."

यशोदाबाईंनी साहेबांना विचारलं असावं, कारण त्या आठवड्यात त्यांच्याकडे शांत झाली. पितांबरला भटजींनी तीर्थ दिलं. प्रमिला म्हणाली, आत्याबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं म्हणायचं. अक्का म्हणाली, "म्हणजे? कधी असतं?"

रुई लागली ती लागलीच. कुणी म्हणालं तिच्यावर सावली पडू देऊ नका, कुणी म्हणालं तिचीच सावली पडू देऊ नका. शनिवारी सकाळी वेगळाच ताप. जिल्ह्यात जेवढ्यांना साडेसाती होती त्यातले निम्मे श्रमसाफल्य सोसायटीत राहत असावेत, हे अक्काला तेव्हा कळलं. मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते. पहाटे फाटक वाजे, आणि बँकेतला, शाळेतला, कचेरीतला शिकला-सवरला माणूस चोरासारखा पानं ओरबाडताना सापडे. अक्कानं नियम केला: खालची पानं घ्यायची, वरच्या फुलांना हात लावायचा नाही, आणि घेताना आपलं काय वाकडं झालंय ते सांगायचं. त्यामुळे सोसायटीत कुणाचं प्रमोशन अडलंय, कुणाचा जावई बोलत नाही, हे अक्काला बसल्या जागी कळू लागलं. करमणूक झाली.

पुढच्या वर्षी रुई कमरेएवढी झाली, घोस आले, आणि एका सकाळी अक्का दात घासत असताना तिला तो आवाज आला. घूंऽऽ. तोंडातली राख तशीच ठेवून ती उभी राहिली. भुंगा रुईवर आला, घोसाघोसाला विचारपूस करून गेला, आणि जाता जाता गिलक्याच्या पिवळ्या फुलात पाऽर आत शिरला. बाहेर आला तो पिवळी पावडर लावून. अक्कानं चूळ थुंकली आणि एवढंच म्हणाली, "या. उशीर केला."

त्यानंतर गिलकं असं आलं की काय सांगावं. गल्लीला पहिला आठवडा कौतुक वाटलं. दुसऱ्या आठवड्यात गिलक्याची भजी झाली, भरीत झालं, सालांची चटणी झाली. तिसऱ्या आठवड्यात अक्का पाटी घेऊन गल्लीत उतरली की दारं आतून लागायला लागली. अक्का खिडकीतून टाकून यायची. दिलेला शब्द म्हणजे शब्द. यशोदाबाईंचे साहेब तर म्हणे झोपेत "नको, नको" करायचे. पण ते गिलक्याला की यशोदाबाईंना, हे पुराव्यानं सांगता येत नाही.

आता खरं म्हणजे गोष्ट इथं संपायला हवी होती. शब्द पुरा झाला, वेल वाळला, काढून टाकला. पण रुई काही वाळली नाही. ती फुलतच राहिली. आणि अक्काचा तिच्यावर भलताच जीव जडला. ती कुणाला बोलायची नाही, पण संध्याकाळी फाटकाशी पाट टाकून रुईजवळ बसायची. गावाहून या फरशीच्या मुलखात येऊन जगून दाखवलं ते दोघींनीच, एक अक्का आणि दुसरी ही. दोघींचीही कुणी मशागत केली नव्हती.

घोटाळा भुंग्यांनी केला. भुंग्याला खायला फूल लागतं हे अक्काला माहीत होतं. राहायला काय लागतं याचा विचार तिनं केला नव्हता. तो वाळलेलं, जुनं, चांगल्या जातीचं लाकूड बघतो आणि त्यात गोल भोक पाडून संसार मांडतो. सोसायटीत सगळ्यांच्या चौकटी सिमेंटच्या. सागवानी चौकट एकट्या जीवराम नानांची. ती त्यांनी खास निवडून आणलेली, पाहुण्याला चहाआधी दाखवायची. एका दुपारी नाना आरामखुर्चीत पडले असताना त्यांच्या टकलावर बारीक भुसा पडायला लागला. वर पाहतात तर चौकटीला रुपयाच्या नाण्याएवढं गोल भोक, आणि भोकातून एक भुंगा नानांकडेच रोखून बघतोय, घरमालक भाडेकऱ्याकडे बघतो तसा.

दुसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस आली. प्रमिलानं वाचून दाखवली. 'आपल्या प्लॉटच्या दर्शनी भागात लावलेल्या रानटी व विषारी झाडामुळे उपद्रवी कीटकांचा प्रादुर्भाव झाला असून, होळीच्या आत सदर झाड समूळ न काढल्यास संस्था ते काढून घेईल.'

"समूळ म्हणजे?" अक्कानं विचारलं.

"मुळासकट, आत्याबाई."

"आणि प्रादुर्भाव?"

"भुंगे आले ते."

"मग भुंगे आले म्हणायला यांच्या जिभेला काय काटे बोचतात?" अक्कानं नोटीस घेतली, घडी केली आणि हलणाऱ्या पाटाच्या पायाखाली सरकवली. पण त्या दिवशी ती जेवली कमी. पितांबरला तिनं पहिल्यांदाच विचारलं, "ते खरंच उपटतील का रे?" पितांबर म्हणणार होता जाऊ दे ना, पण आईच्या तोंडाकडे बघून तो नुसता डोकं खाजवत राहिला.

आणि माघात, ऐन लग्नसराईत, पुना आला.

पुना अक्काच्या गावचा, नात्यानं चुलतभाऊ, धंद्यानं सोयरिकी जुळवणारा. फाटकाबाहेरूनच ओरडला, "अक्का, तुना दारमा रुई शे ना? आम्हले ती पाहिजे. लगीन लावाले!"

झालं होतं असं. नरडाण्याकडचा झुलाल नावाचा शेतकरी, पिठाची गिरणीवाला, स्वभावानं गरीब, पण नशिबानं दोन बायका एकामागून एक तापानं गेल्या. आता सोयरीक ठरली ती श्रमसाफल्यच्या मागच्याच गल्लीत बालवाडी चालवणाऱ्या सुंदरबाईशी. लग्न उद्या. पण तिसरी बायको टिकत नाही अशी समजूत. म्हणून तिसरं लग्न आधी रुईशी लावतात, मग खरी नवरी आपोआप चौथी होते. त्यासाठी नाल्याकाठी एक रुई हेरून ठेवलेली. सकाळी वऱ्हाड वाजतगाजत तिथं पोचलं, तर तिच्यावर कुणा कंत्राटदारानं ट्रकभर खडी ओतलेली. नवरी खडीखाली. भटजी म्हणे मुहूर्त चुकेल. झुलालची आई भिकुबाई तिथंच खडीवर बसून रडायला लागली. तेव्हा पुनाला अक्का आठवली.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. तिच्या मनात एकच गोष्ट चमकली. उंडारणारं झाड कुणीही उपटील. लग्न झालेल्या लेकीला कोण हात लावतो? नानांची नोटीस राहू दे त्या पाटाखाली.

"देईन," ती म्हणाली. "पण रीतसर. आधी पोर बघायला या."

"अक्का, मुहूर्त..."

"रस्त्यावरची उचलून न्यायची असेल तर नाला मोकळा आहे. माझी पोर घरंदाज शे."

तेव्हा फाटकाशी सतरंजी पडली. प्रमिलानं पोहे केले. झुलाल बाशिंग सावरत मान खाली घालून बसला. अक्कानं त्याला जमीन किती, पाणी किती, दारू किती असं तीन प्रश्नांत विचारलं. त्यानं पहिल्या दोनांना बोटं दाखवली आणि तिसऱ्याला कानाची पाळी धरली. भिकुबाईनं रुईकडे निरखून बघितलं आणि वरमाईच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "पोर जराशी सावळी शे."

"सावळी नाही, जांभळी आहे," अक्का म्हणाली. "आणि रंग बोलणाऱ्या बाईनं आधी आपल्या पोऱ्याकडे बघावं."

झुलाल पोहे खाता खाता पहिल्यांदा हसला. सोयरीक पसंत झाली.

मग रुईला हळद लागली. पिवळं पातळ गुंडाळलं, मुंडावळ्या बांधल्या. ज्या यशोदाबाईंना रुईची सावली नको होती, त्यांनी आपला नवा खण आणून दिला; म्हणाल्या, "मुलीची जात, बोडकी कशी उभी करायची?" सोसायटीतल्या बायांनी गाणी सुरू केली. कन्यादानाला भाऊ-भावजय म्हणून पितांबर आणि प्रमिला. प्रमिलानं शालू काढला. पितांबर धोतर नेसताना पुटपुटला, "माय..." आणि पुढचे शब्द त्यानं गिळून टाकले.

"मुलीचा मामा कुठाय?" भटजींनी विचारलं. "नवरीच्या मागं मामा लागतो."

नेमके त्याच वेळी जीवराम नाना तावातावानं फाटकात शिरले. हातात नोटिशीची दुसरी प्रत. "हा बँड कुणाच्या परवानगीनं वाजतोय? संस्थेच्या नियमानुसार..."

"आले! मामा आले!" अक्का ओरडली.

खानदेशात एकदा लग्नातली टॉवेल-टोपी डोक्याखांद्यावर पडली की माणूस संपला. तो मग परका राहत नाही, आणि टोपी काढून टाकणं म्हणजे लग्नघराचं नाक कापणं. पुनानं हे जाणून वीज चमकावी तशी नानांच्या डोक्यावर कोरी टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, कपाळाला टिळा लावला. बँडवाल्यांनी खास नानांसाठी एक चढी तान मारली. नाना "पण... पण..." म्हणत रुईच्या मागे उभे राहिले. पाटबंधाऱ्यात उभी हयात गेली, पण बँड लावून मान कुणी दिला नव्हता. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा 'सावधान'ला सगळ्यांत मोठा आवाज नानांचा होता. त्यांच्या डोक्यावरून एक भुंगा घूंऽऽ करत गेला, तर नानांनी मान वाकवून त्याला वाट दिली.

अक्षता पडल्या. झुलालनं रुईच्या फांदीला मणी बांधले. अक्कानं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. तिला वाटलं, झालं. आता बघू कोण उपटतंय.

तेवढ्यात भटजींनी पिशवीतून कोयता काढला.

"हे काय?" अक्का म्हणाली.

"तोडायची आता," भटजी शांतपणे म्हणाले. "लग्न लागलं की रुई तोडतात. तिसरी गेली, चौथीला वाट मोकळी. नवरदेव, बुंध्यावर एकच घाव घाला."

बँड थांबला. अक्काचं तोंड उघडं राहिलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलंही नव्हतं; आपल्याला सगळं माहीत असतं ही एक अडचणच होती तिची. नोटिशीपासून वाचवायला जिला उजवली, तिला स्वतःच्या हातानं हळद लावून कोयत्याखाली उभी केली होती तिनं.

ती उठली आणि रुईला पाठ लावून उभी राहिली.

"मनी पोर शे ती! नांदाले दिन्ही, मराले नही दिन्ही!"

"अक्का, शास्त्र आहे," भटजी म्हणाले.

"कोणाचं? आत्ताच तुम्ही त्याच्याकडून काय वदवून घेतलं? सांभाळीन म्हणाला ना? आम्ही समोर बसलो होतो, बहिऱ्या नव्हतो."

भिकुबाई हात जोडून रडायला लागली, "अक्का, मना पोर्‍यानं घर तिसऱ्यांदा मोडीन व माय..." तिचं रडणं खोटं नव्हतं. अक्काला ते कळत होतं, आणि म्हणूनच तिनं भिकुबाईकडे बघायचं टाळलं. पुना म्हणाला, दुसरी रुई लावून देऊ. नाना मामाच्या नात्यानं म्हणाले, "भाचीला हात लावाल तर याद राखा!" आणि मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळेना. झुलाल मधोमध उभा, एका हातात कोयता, दुसऱ्यात नारळ, तोंडावर असा भाव की मलाच कुणीतरी तोडा.

या गलक्यात फाटक वाजलं. खरी नवरी, सुंदरबाई, हळदीच्या अंगानं, पायात साधी चप्पल. मागच्या गल्लीत बँड मधेच थांबल्याचं ऐकून आली होती. बालवाडीतल्या बाईचा आवाज तो, तिनं "काय चाललंय इथं?" म्हटलं आणि बँडवाल्यांसकट सगळे हाताची घडी घालून उभे राहिले.

पुनानं सांगितलं. सुंदरबाईनं कोयत्याकडे पाहिलं, पिवळ्या पातळातल्या रुईकडे पाहिलं, मग झुलालकडे.

"तुम्हाला तोडायचीय?"

"माले काय समजस," झुलाल म्हणाला. "बठ्ठा लोके सांगतस तसं करी राहिनू. पण..." त्यानं आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मान वर केली. "दोन डाव मना हातशी घर रिकामं झालं. आते मी सोता कोणले तोडू?"

 भिकुबाईचं रडणं थांबलं.

सुंदरबाई पुढे झाली, त्याच्या हातातून कोयता घेतला आणि भटजींच्या पिशवीत ठेवला. "गुरुजी, तिसरीनं जायला मला नको आहे. मी चौथीच म्हणून जाते, ती राहू दे तिसरी. अहो, जी बोलत नाही, खात नाही, भांडत नाही, आणि वर माहेरीच राहते, अशी सवत कुणाच्या नशिबात असते? मरायची असेल तर मी उद्या तापानं मरेन, नाही तर नव्वद वर्षं जगेन. झाडाच्या मानेवर पाय देऊन नांदायला मला नाही जमायचं."

भटजींनी थोडा वेळ आकाशाकडे पाहिलं. मग म्हणाले, शास्त्रात काही ठिकाणी नुसतं एक पान तोडण्याचाही पर्याय आहे. कुठल्या ठिकाणी, ते कुणी विचारलं नाही. झुलालनं खालचं एक वाळकं पान तोडलं. भिकुबाईनं रुईच्या बुंध्याशी डोकं टेकवलं आणि मग, तिचं तिलाच नवल वाटत, रुईची अलाबला घेतली. अक्का पाटावर बसली आणि पाण्याचा तांब्या एका दमात रिकामा केला.

वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीची पंगत त्या दुपारी गल्लीत बसली. नानांना मामाचं पान पहिलं. त्यांनी तुपात बट्टी चुरत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की विवाहित मुलीला संस्थेचा उपनियम लागू होत नाही.

झुलाल आणि सुंदरबाईचं लग्न दुसऱ्या दिवशी लागलं. निघताना दोघंही अक्काच्या पाया पडायला आली. अक्कानं झुलालला बजावलं, "जावई, आखाजीच्या सणाला या. धाकटीला घेऊन या." सुंदरबाईनं रुईला कुंकू लावलं आणि हळूच म्हणाली, "ताई, येते."

होळी आली, गेली. रुई जागच्या जागी. आणि एका सकाळी यशोदाबाई किंचाळल्या, "अक्का, किडे! रुईवर किडे पडले!"

अक्का धावली. पानापानावर पट्ट्यापट्ट्यांचे सुरवंट: पांढरे, काळे, पिवळे, नवी सतरंजी गुंडाळल्यासारखे, डोक्यावर मऊ काळी शिंगं. कचाकच पानं खात होते. दोन फांद्या तर नुसत्या काड्या राहिल्या होत्या.

आरडाओरडा ऐकून जीवराम नाना पाठीवर फवारणीचा पंप लावून, औषध कालवून, धापा टाकत आले. "सरका! सरका अक्का! माझ्या भाचीला काही होऊ देणार नाही!"

अक्कानं एक पान उलटं केलं. पानाखाली हिरव्या नाजूक कुपीसारखं काहीतरी लटकत होतं, त्याच्या कडेला सोन्याचे ठिपके. शेजारी एक कुपी फुटलेली, आणि तिच्यावर नुकतंच बाहेर आलेलं केशरी फुलपाखरू ओले पंख वाळवत बसलं होतं. अक्का बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या तोंडावर असं हसू पसरलं, जसं पितांबर झाला तेव्हा पसरलं होतं.

"पंप उतरवा नाना," ती म्हणाली. "एवढं शिकलात आणि एवढं कळत नाही? लग्न झालेली पोर. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं."

नानांनी सुरवंटाकडे पाहिलं, फुलपाखराकडे पाहिलं. पंप उतरवला.

"पोरीच्या मामाकडून बाळंतविडा असतो," अक्का पुढे म्हणाली. "झबली शिवायला टाका. एकेक सगळ्यांना पुरली पाहिजेत."

नाना मान डोलावून निघाले, फाटकापर्यंत गेले आणि थबकले. परत आले. खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला, रुईपाशी उकिडवे बसले आणि एका सुरवंटाचे पाय बोटानं मोजायला लागले.

"अक्का," ते गंभीरपणे म्हणाले, "शिंपी विचारील, बाह्या किती लावू म्हणून."